वाघबिळाचा चढ

आमच्या घरी बैल नव्हते, तरी बैलांचा सण, बेंदूर, व्हायचा. कागलकडची जमीन भावकीत वाटली गेली, बाबांच्या वाट्याचा तुकडा त्यांनी चुलतभावाला कसायला दिला आणि बैल विकून टाकले. त्यानंतर काही दिवसांनी फुलेवाडीतल्या आमच्या चार खोल्यांच्या घरासमोर एक जुनी पांढरी गाडी येऊन उभी राहिली. बाबा हायस्कूलमध्ये भूगोल शिकवायचे. गाडीच्या मागोमाग गावाकडून आत्ती आली. आत्ती म्हणजे बाबांची थोरली बहीण. लग्नानंतर वर्षभरातच सासरच्यांनी तिला माघारी पाठवली होती. तेव्हापासून तिनं भावाचा गोठा सांभाळला, आणि गोठाच मोडला तेव्हा ती ट्रंक घेऊन आमच्याकडे राहायला आली. तिचा नवरा कुठंतरी जिवंत होता म्हणून तिच्या कपाळाला कुंकू होतं. त्या माणसाचा तिला तेवढाच उपयोग झाला.

पहिल्याच वर्षी बेंदराला ती सकाळपासून अस्वस्थ होती. चुलीवर, म्हणजे आमच्या गॅसवरच, पुरण शिजत होतं, घुगऱ्या झाल्या होत्या, आणि द्यायला कुणी नव्हतं. शेवटी दुपारी ती ताट घेऊन अंगणात आली आणि तिनं गाडीची पूजा केली. बॉनेटला कपाळ धरून हळदकुंकू, चार चाकांना चार बोटं, आरशांना गोंडे. मग मागच्या अंगाला जाऊन तिनं पेट्रोलच्या टाकीचं झाकण पाहिलं. वाटीएवढं, बाहेरच बसवलेलं, निकेलचं झाकण होतं ते. तिनं त्याच्या मधोमध कुंकवाचं बोट टेकवलं आणि पुरणपोळीचा घास त्याला लावला. आई दारातून हसत होती. म्हणाली, आक्का, पेट्रोलचा वास लागलेली पोळी आता कुत्रंपण खायचं नाही. आत्तीनं मान वर न करता सांगितलं, "जिथनं खातंय त्या तोंडाला कुंकू नको व्हय?" वाऱ्यानं उडू नये म्हणून ती कुंकू तुपात कालवायची. बैलाच्या खांद्याला तूप-हळद चोळतात, तो हात तिला सवयीचा होता.

पुढं दर बेंदराला हे चालू राहिलं. बाबा गाडी स्वतः धुवायचे, पण त्या झाकणावरून फडकं फिरवायचे नाहीत. कुंकू कुणी पुसत नाही. वर्षावर्षाचा तो थर वाळून, काळपट होऊन झाकणावर बसला होता, आणि शेजारच्या गाड्यांना लिंबू-मिरची असते तसा तो आमच्या गाडीचा भागच झाला होता. मला त्याची लाज वाटायची. माझ्या इंग्रजी शाळेच्या फाटकाशी बाबा सोडायला आले की मी झाकणाच्या बाजूनं उतरायचे नाही. शाळेत मराठी बोललं की ओरडा आणि घरात इंग्रजी बोललं की हसू, त्यामुळे दोन्हीकडे गप्प राहणं मला सोपं पडलं होतं. मी फक्त बघायचे आणि ऐकायचे. आई म्हणायची, ही पोरगी पाव्हण्यासारखी राहती घरात.

घराचे आवाज मला अजून पाठ आहेत. पहाटे आत्तीची भाकरी थापण्याची थाप, डब्यांसाठी चाललेली आईची घाई, उन्हाळ्यात अंगणात कांदा-लसणाची चटणी कांडली जायची तेव्हा सगळ्या गल्लीला येणारी शिंक. आई आणि आत्तीचं पटायचं असं म्हणता येणार नाही, पण त्या एकमेकींशिवाय जेवायच्या नाहीत. आत्ती तिखट घालायची आणि आई कमी करायला सांगायची, आणि पानात पडायचं ते मधलंच काहीतरी असायचं. ती मधली चव पुन्हा कुठं मिळाली नाही. मी आता पुण्यात राहते, दोघींच्या हातचं आठवून बरंच काही करून बघते, आणि एक तर तिखट होतं किंवा आळणी.

आई गेली त्याच्या आदल्या वर्षापासून गाडी चढाला धापा टाकायला लागली होती. सपाटीला ठीक, पण लांबचा प्रवास असला आणि चढ लागला की पाय दाबूनही तिच्यात जोर यायचा नाही. पुढं पुढं झटके द्यायची, मग मलूल व्हायची. बाजूला घेऊन थोडं थांबलं की जणू काही झालंच नाही अशी निघायची. आई दोनदा-तीनदा म्हणाली होती की गाडी एकदा दाखवून घ्या. बाबा म्हणायचे, वय झालंय तिचं, माझ्यासारखंच. सहामाहीचे पेपर, मग वार्षिक परीक्षा, मग सुट्टीतलं शिबिर. दाखवायचं राहून गेलं.

ती वारली त्या वर्षी बेंदूर झाला आणि आई चार दिवस माहेरी गेली, शाहूवाडीकडं. मामांकडं भाताची लावण चालू होती. रविवारी तिला आणायला बाबा, आत्ती आणि मी निघालो. निघताना फुलेवाडीच्या पंपावर बाबांनी टाकी गळ्यापर्यंत भरली. जाताना वाघबिळाच्या चढाला गाडी धापली, बाबांनी बाजूला घेतली, आम्ही कणसं खाल्ली, तोवर ती बरी झाली. मामांच्या घरी पोचलो तर आई पडवीत भिंतीला टेकून बसली होती. रात्रीपासून पित्त झालंय म्हणत होती. तिचा चेहरा ओल्या मातीसारखा होता आणि ती सारखा डावा खांदा चोळत होती. गावातल्या डॉक्टरांनी पाहिलं आणि बाबांना बाजूला घेऊन सांगितलं की हृदयाचं दिसतंय, लगेच कोल्हापूरला हलवा. अ‍ॅम्ब्युलन्स बोलवायची का, असं मामांनी विचारलं. बाबा म्हणाले, ती येईपर्यंत आपण वाघबीळ ओलांडलेलं असेल.

मागच्या सीटवर आत्ती बसली आणि आईचं डोकं तिनं मांडीवर घेतलं. मी पुढं होते. बाहेर भाताच्या चिखलणीचे पॉवर टिलर, डोक्यावर पोत्याची खोळ घेतलेल्या बायका, बारीक पाऊस. चढ सुरू झाला आणि दुसऱ्या वळणाशी गाडी झटके द्यायला लागली. बाबा पुटपुटत होते, चल, चल बाई. ती बाई म्हणजे गाडी की आई, मला कळलं नाही. मग इंजिन बंदच पडलं. बाबांनी पुन्हा पुन्हा चावी फिरवली. उतरून बॉनेट उघडलं, प्लगच्या वायरी काढून घातल्या, कसला तरी नट आवळला, परत चावी. एक ट्रक थांबला नाही, एक दुधाची गाडी थांबली, पण तिच्यात आडवं पडायला जागा नव्हती. आत्ती आईच्या कपाळावरून हात फिरवत बसली होती. शेवटी बाबा मागं गेले. त्याच वेळी मला एक आवाज आला. कुणीतरी दीर्घ श्वास आत ओढून घ्यावा तसा. मी दचकून मागं वळून आईकडं बघितलं. आईचे डोळे मिटलेले होते. मग बाबा परत येऊन बसले, चावी फिरवली, आणि गाडी सुरू झाली.

दवाखान्यात आईला आत नेलं. संध्याकाळी एक तरुण डॉक्टर बाहेर आले. त्यांनी जे सांगायचं ते सांगितलं, आणि जाता जाता म्हणाले, थोडं आधी आला असतात तर. वाक्य त्यांनी पुरं केलं नाही. त्यांच्या दृष्टीनं तो नुसता बोलण्याचा भाग असेल. बाबांनी ते वाक्य घरी आणलं.

दिवसकार्य झालं. पाहुणे गेले. घरात तीन पानं उरली. आत्तीनं स्वयंपाकात तिखट घालायचं जवळजवळ सोडलं, आता कमी कर म्हणणारं कुणी नव्हतं तरी. बाबा ताटावर बसायचे आणि अर्ध्या भाकरीवर उठायचे. सगळ्यांना वाटलं ते गाडी विकतील. त्यांनी उलट ती दुरुस्तीला नेली, आणि नेतच राहिले. आपल्याला नक्की कशानं अडवलं, एवढंच त्यांना पाहिजे होतं. मी कॉलेजच्या दुसऱ्या वर्षाला होते. बाबांना एकटं सोडू नको असं आत्तीनं मला सांगितलं होतं, म्हणून मी त्यांच्याबरोबर जायचे आणि गॅरेजमध्ये टायरवर बसून राहायचे.

शिवाप्पा मेस्त्रींचं गॅरेज उद्यमनगरात होतं. जाडजूड माणूस, आवाज असा की लेथचा आवाज खाली पडावा. ते मनापासून काम करत होते, त्यांच्याबद्दल मला काही वाईट म्हणायचं नाही. प्लग बदलले, पॉइंट घासले, कार्बोरेटर उघडून जेट फुंकून साफ केले, फिल्टर नवा घातला. गाडी गावात फिरवून आणली, पळाली. त्या रविवारी बाबांनी टाकी भरली आणि मला घेऊन पलीकडच्या अंगानं वाघबीळ चढवलं. गाडी त्याच वळणाशी बसली. पुढच्या खेपेला टाकीतून पेट्रोल ओढणाऱ्या पंपाचा पडदा बदलला. पुन्हा रविवार, पुन्हा वाघबीळ. कधी चढायची, कधी नाही. घरी आल्यावर आत्ती दारातच विचारायची, चढली का? बाबा नुसती मान हलवायचे.

मग शिवाप्पा म्हणाले, सर, आता हिची टाकीच तोडतो. म्हणजे त्यांनी पेट्रोलची बाटली बॉनेटमध्ये उलटी टांगली आणि तिची नळी थेट पंपाला जोडली. स्वतः शेजारी बसून आले. तोंडानं शीळ घालत चढावं तशी गाडी वाघबीळ चढली. शिवाप्पा खूश झाले. पंपापासून पुढं सगळं झकास हाय, म्हणाले, दुखणं मागं हाय, टाकीत न्हायतर पायपात. टाकी उतरवली, धुतली, पाइपातून हवा मारली. झाकण त्यांच्या बाकावर माझ्यासमोर पडलं होतं. त्यांनी ते आतून फडक्यानं पुसलं, उलटं करून बाहेरून बघितलं आणि तसंच ठेवलं.

"पूजेचं हाय," ते मला म्हणाले, "ते ऱ्हाऊ दे."

मीही मान हलवली. टाकी परत चढली, झाकण बसलं, आणि रविवारी गाडी वाघबिळावर मेली. परतताना बाबा एकच बोलले, की आई म्हणत होती तेव्हाच दाखवायला पाहिजे होती.

हल्लीच्या गाड्यांना एक यंत्र जोडतात आणि दुखणं पडद्यावर उमटतं. माझी गाडी सर्व्हिसिंगला देते तेव्हा तो मुलगा दोन मिनिटांत सांगून मोकळा होतो. आमच्या त्या गाडीचं दुखणं मात्र बघायला गेलं की नाहीसं व्हायचं. कारण गाडी बंद पडली की जो तो आधी इंजिन चाळायचा, आणि हरला की पेट्रोल आहे का बघायला झाकण उघडायचा. त्यानंतर ती सुरू व्हायची, आणि इंजिनात शेवटी ज्याला हात लावला होता ते दुरुस्त झालं असं वाटायचं. मी बोलत नसे, म्हणून मला बघायला वेळ होता. दोन गोष्टी माझ्या मनात टोचत होत्या. एक म्हणजे टाकी भरलेली असली की गाडी लवकर दमायची, आणि तळाला पेट्रोल असलं की जास्त लांब जायची. हे उलटं होतं. दुसरी गोष्ट तो आवाज.

आवाज पुन्हा जवळून ऐकला तो दिवाळीनंतरच्या एका रविवारी. गाडी थांबली, बाबा उतरले आणि या वेळी बॉनेट न उघडता रस्त्याच्या कडेच्या कठड्यावर जाऊन बसले. त्यांची पाठ माझ्याकडं होती. मी उतरले, मागं गेले आणि झाकण फिरवलं. सूंऽ करून हवा आत गेली. तोच आवाज, आत ओढलेला श्वास. त्या दिवशी मी आईकडं वळून बघितलं होतं, आणि श्वास घेतला होता टाकीनं.

पुढचं कळायला शिक्षण लागत नाही. टाकीतलं पेट्रोल खाली जाईल तशी वरून हवा आत यायला पाहिजे. ती येण्यासाठी झाकणाच्या मधोमध टोचणीएवढं भोक ठेवलेलं असतं. भोक बंद असलं की टाकी आतल्या आत आवळत जाते, पंप ओढतो आणि पेट्रोल येत नाही. भरल्या टाकीत हवाच कमी, म्हणून ती लवकर आवळते. थांबून राहिलं की कडेकडेनं हवा झिरपते आणि गाडी शहाण्यासारखी निघते. हे सगळं मला घरी येईपर्यंत उमगलं. फक्त भोक कशानं बुजलंय ते मी मनातसुद्धा म्हणत नव्हते.

आत्ती देवळात गेली होती तेव्हा मी झाकण काढून मोरीत नेलं. टाचणी घेतली. थर कठीण झाला होता. खालपर्यंत गेलं तेव्हा लाल भुकटी माझ्या तळहातावर पडली, तिला तुपाचा खवट वास होता. मग मी रॉकेलचा बोळा घेऊन ते सगळं झाकण घासत बसले. का घासलं सांगता येत नाही, भोक मोकळं झालं होतं, तेवढं पुरे होतं. ते आरशासारखं झालं तेव्हा थांबले. आत्ती घरी आल्यावर तिनं मला प्रसादाचा खोबऱ्याचा तुकडा दिला आणि विचारलं, हाताला रॉकेलचा वास कसला? मी म्हटलं, शाई सांडली होती.

मी काही बोलायचं नाही असंच ठरवलं होतं. बाबांना सांगितलं तर ते आत्तीवर जाणार, आणि आत्तीला तर काय सांगणार? ज्या बाईनं आईचं डोकं मांडीवर धरलं होतं तिला सांगायचं की गाडी तुझ्या बोटानं थांबली? गाडी आता चढेल, बाबा निवतील, संपलं. इतका सरळ हिशेब मी मांडला होता.

पुढच्या रविवारी बाबांनी टाकी भरली. गाडी वाघबीळ एका दमात चढली. वळण आलं, गेलं. वर पोचल्यावर, जिथं पन्हाळ्याचा रस्ता फुटतो, तिथं बाबांनी गाडी बाजूला घेतली आणि चावी बंद केली. मला वाटलं ते हसतील. त्यांनी स्टिअरिंगवर कपाळ टेकलं.

"म्हणजे दुरुस्त होण्यासारखी होती," ते म्हणाले. "कधीच व्हायला पाहिजे होती. मी आळस केला."

गाडी बरी झाल्यानं त्यांचा गुन्हा साबित झाला होता, एवढं मला त्या वेळी समजलं. मी गप्प राहिले तर हा माणूस तो गुन्हा जन्मभर उशाला घेऊन झोपणार. मी आयुष्यात इतकं एकदम कधी बोलले नव्हते. भोक, हवा, आवाज, भरलेली टाकी, सगळं सांगितलं. मराठी शब्द अडले तिथं इंग्रजी आले. कुणीही मेस्त्री असता तरी सापडलं नसतं, बाबा, शिवाप्पांनी झाकण हातात घेऊन परत ठेवलं, असंही सांगितलं. ते ऐकत होते.

"बुजलं कशानं होतं?"

मी खिडकीबाहेर बघितलं. "कुंकवानं."

बाबांनी एकदा तोंडावरून हात फिरवला. त्यांचा राग कुठल्या बाजूनं येईल याची मी वाट बघत होते. तो आलाच नाही. आला असता तर बरं झालं असतं, त्यांना कुणावर तरी टाकता आलं असतं.

"आक्काला कळू द्यायचं न्हाय," ते म्हणाले. शाळेत शिकवताना ते असं बोलत नसत. "तिला हे कळलं तर ती जगायची न्हाय."

घरी आत्ती दारात उभी होती. चढली का? बाबा म्हणाले, चढली. कार्बोरेटरमध्ये कचरा होता, मेस्त्रीला सापडला शेवटी. आत्तीनं डोळ्याला पदर लावला आणि आत जाऊन पिठलं टाकलं. त्या रात्री पिठल्यात तिखट होतं, आणि बाबांनी दोन भाकरी खाल्ल्या. मला वाटलं, खोटं बोलून का असेना, घर एक पाऊल चाललं. वाघबिळाच्या खेपा थांबल्या. बाबा पुन्हा पेपर तपासायला लागले. रविवारी दुपारी ते अंगणात खुर्ची टाकून गाडीकडं बघत बसायचे, पण नुसतेच.

वर्ष फिरून बेंदूर आला. आईचं वर्षश्राद्ध चारच दिवसांवर होतं, सण करायचा नव्हता. पण सकाळी आत्तीनं घुगऱ्या शिजत घातल्या आणि कुणी तिला अडवलं नाही. बाबांनी आदल्या दिवशी मला बाजूला घेऊन सांगितलं होतं, तिला लावू दे, आत गेली की मी भोक मोकळं करतो. दुपारी ती ताट घेऊन बाहेर आली. बॉनेटला हळदकुंकू लावलं. चार चाकांना लावलं. गोंडे बांधले. तुपात कालवलेल्या कुंकवानं बोट भरवून ती गाडीच्या मागच्या अंगाला गेली आणि झाकणासमोर उभी राहिली. सगळी गाडी जुनाट, पिवळट पडलेली, आणि तेवढं एक झाकण उन्हात लखलखत होतं. मी इतक्या महिन्यांत त्याच्याकडं त्या नजरेनं बघितलंच नव्हतं. ती गाडी रोज सकाळी झाडणाऱ्या, जनावराच्या अंगावरचा गोचीड लांबून ओळखणाऱ्या बाईनं ते पहिल्या दिवशीच बघितलं असणार.

तिचं बोट तसंच वर राहिलं. मग तिनं ते खाली आणलं आणि पदराला पुसलं. कुंकवाचं बोट पदराला पुसताना मी तिला आधी कधी पाहिलं नव्हतं. ताटातली पोळी ताटातच होती. घराकडं वळताना ती माझ्याजवळ क्षणभर थांबली.

"बाळे, झाकण लई घासलंस," ती म्हणाली, आणि आत गेली.

बाबा पायरीवर उभे होते. त्यांच्या सदऱ्याच्या खिशाला टाचणी लावलेली होती. ती त्यांना लागली नाही, त्या वर्षीही नाही आणि पुढं कधीच नाही.